सरहद्द झोपेत ओलांडावी

आम्हा इंदूरच्या मराठी माणसांसाठी मुंबई एका रात्रीवर असते. किलोमीटर कुणी विचारत नाही. संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस धरायची, उज्जैन गेलं की डबे उघडायचे, रतलामला उतरून चहा घ्यावा का नाही यावर नवरा-बायकोचं एकमत होईतो गाडी हलते, मध्यरात्री केव्हातरी बडोदा येऊन जातं आणि जाग येते ती बोरिवलीला. माझं माहेर दादरचं. लग्न, दोन्ही बाळंतपणं, आईचं शेवटचं आजारपण, सगळ्याला मी रात्रगाडीनंच गेले-आले. गाडीत झोपणं ही आमच्या घरात कधी कुणी 'अनुभव' म्हणून सांगितलेली गोष्ट नाही.

दोन वर्षांपूर्वी युरोपचा व्हिसा काढायचा होता. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. एका बँक स्टेटमेंटवर शिक्का राहिला होता म्हणून पुन्हा जावं लागलं. आणि मी तेहतीस वर्षं बँकेत काढलेली बाई. नवऱ्यानं त्यावर अजून बोलणं सोडलेलं नाही. तर तिकडच्या गाडीत एक रात्र झोपायला मिळावं म्हणून मी आधी अवंतिकेत चार रात्री झोपले. त्या चार रात्री आणि ती पाचवी रात्र यांत जो फरक होता, त्याबद्दल मला बोलायचं आहे. तो गाद्या-चादरींचा नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवते.

त्याआधी आम्ही एकदा युरोप 'करून' आलो होतो. अकरा दिवस, सात देश, एक बस. पहाटे सहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसहाला पोहे, तेही जिरावन मसाल्याशिवाय. देश बदलला हे टूर मॅनेजरनं माइकवर सांगितलं की कळायचं, कारण खिडकीबाहेर तोच हमरस्ता, तेच पेट्रोल पंप आणि मागच्या सीटवर तीच अंताक्षरी. सोबतची माणसं छान होती, जेवण वेळेवर होतं. पण परत आल्यावर हिशेब केला तर अकरातले चारेक दिवस आम्ही उन्हातान्हात बसमध्ये बसून काढले होते. दिवसाचा उजेड प्रवासात आणि रात्र शहराबाहेरच्या हॉटेलात! रात्रगाडीवर वाढलेल्या माणसाला हा उलटा कारभार खटकतोच.

दुसऱ्या खेपेला भाची व्हिएन्नाला होती. तिनं झुरिक ते व्हिएन्ना अशी रात्रीची गाडी काढून दिली. सहा बर्थचा कप्पा, दोन्ही बाजूंना तीन-तीन, थेट आपल्या थ्री टियरसारखा. फक्त दार आतून लावता येतं आणि साइडचे बर्थ नाहीत. नसायचं कारण रुळांत आहे. त्यांचा रूळ १४३५ मिलिमीटरचा, आपला १६७६. त्यांचा डबा जेमतेम २.८ मीटर रुंद, आपला सव्वातीन. त्या हातभर जास्तीच्या जागेत आपण साइड लोअर आणि साइड अपर बसवून टाकले. ज्या साइड अपरला आपण जन्मभर नावं ठेवतो ती खरं तर ब्रॉडगेजची मेहेरबानी आहे.

समोरच्या खालच्या बर्थवर एक आजीबाई होत्या, त्यांच्या वर एक विद्यार्थी आणि सगळ्यात वर एक गृहस्थ, जे चढल्यापासून भिंतीकडे तोंड करून झोपले ते झोपलेच. आम्ही दशम्या आणि लौंग सेव काढली. आजीबाईंनी दशमी वास घेऊन, तुकडा मोडून, नीट चावून खाल्ली. विद्यार्थ्यानं शेवेचा बकाणा भरला आणि मग त्याला उचकी लागली. अटेंडंटनं प्रत्येकाला दिलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या आम्ही तिघांच्या तिघांनी त्याच्यापुढे केल्या. अटेंडंट तिकिटं घेऊन गेला, सकाळी चहा की कॉफी ते विचारून गेला, कडी कशी लावायची ते दाखवून गेला. एवढ्यावर रात्रीची व्यवस्था संपली.

अकराच्या सुमाराला गाडी थांबली आणि थोड्या वेळानं उलट्या दिशेनं निघाली. नवरा दचकून उठला. "परत चाललो का काय आपण?" आजीबाईंना मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळला. "बुख्स," त्या म्हणाल्या आणि हातानं इंजिन या टोकाचं त्या टोकाला लावल्याची खूण केली. बुख्स हे स्वित्झर्लंडच्या कडेचं स्टेशन. तिथल्या रुळांची मांडणीच अशी की गाडीला तोंड फिरवावं लागतं. तिथून ऱ्हाइन ओलांडली की लिख्टेनश्टाइन. तो सबंध देश रुळावर नऊ-दहा किलोमीटरचा. तो संपतो न संपतो तोच ऑस्ट्रिया. मग पहाड, बोगदे आणि नवऱ्याचं घोरणं. सकाळी दोन गोल पाव, लोणी, जॅम, चहा, आणि व्हिएन्ना. तीन देश झाले, पासपोर्ट पर्समधून बाहेर आला नाही.

झोप फारशी लागली नाही हे प्रामाणिकपणे सांगते. अवंतिकेत जास्त चांगली लागते.

या रात्रीचं श्रेय लोक गाडीला देतात. पडदे, दिवे, जुन्या काळचा थाट, असं काहीबाही लिहितात. १८८३ मध्ये पॅरिसहून पहिली ओरिएंट एक्सप्रेस निघाली तेव्हापासून या गाड्यांना जो मखमली वास लागला आहे तो काही जात नाही. त्या पहिल्या फेरीतही प्रवाशांना इस्तंबूल गाठायला डॅन्यूब नदी नावेनं ओलांडावी लागली होती, पुढची गाडी बदलावी लागली होती आणि शेवटचा टप्पा बोटीनं करावा लागला होता, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते पासपोर्ट पर्समध्ये राहिला याचं श्रेय सह्यांना आहे. १९८५ मध्ये शेंगेन गावी पाच देशांनी आपसातली सरहद्दीवरची तपासणी उठवायच्या करारावर सह्या केल्या, १९९५ मध्ये नाक्यावरची तपासणी प्रत्यक्षात उठली, स्वित्झर्लंड २००८ मध्ये आत आलं, लिख्टेनश्टाइन २०११ मध्ये. त्याआधीही बुख्सला इंजिन टोक बदलत होतंच. फरक एवढाच, की तेव्हा इंजिनाबरोबर दारावर टकटकही व्हायची.

जिथे सह्या नाहीत तिथे काय होतं तेही युरोपच्याच कडेला बघायला मिळतं. सोफियाहून इस्तंबूलला रात्रीची स्लीपर गाडी जाते. कापिकुले या तुर्की नाक्यावर भर रात्री सगळ्यांना सामानासकट खाली उतरवतात, फलाटावर रांग लावतात, शिक्के मारतात आणि पुन्हा चढवतात. गाडीत बर्थ उत्तम आहेत. त्यावर झोपू देत नाहीत इतकंच.

त्याहून बोलकी गोष्ट इंग्लंडची. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा सुरू झाला तेव्हा लंडनपलीकडच्या शहरांतून थेट युरोपात जाणाऱ्या रात्रगाड्यांचा बेत होता. नाव ठरलं, नाइटस्टार. डबे नुसते कागदावर नव्हते, खरोखर बांधले. मग स्वस्त विमानं आली, खर्चाचे आकडे फुगले, सरहद्दीवरच्या तपासणीचा आणि सुरक्षेचा खर्च कुणी उचलायचा हा घोळ होताच. आणि एकाही तिकीटधारी प्रवाशाला न झोपवता ते १३९ डबे २००० मध्ये कॅनडाला विकले गेले. पुढे ते तिकडे धावले. बोगदा खणता आला, डबे बांधता आले, नेमकी गाडी सोडता आली नाही.

रूळ जुळत नाहीत ही अडचण त्यामानानं किरकोळ. पोलंड-बेलारूसच्या हद्दीवर ब्रेस्तला प्रवासी आत असतानाच डबे जॅकवर उचलून खालची चाकं बदलण्याची सोय फार जुनी आहे. लोखंडाचा प्रश्न लोखंडानं सुटतो.

आता पैशाचं. "एवढी चांगली सेवा आहे तर ती आपोआप चालेल, सरकारनं कशाला पैसे घालायचे?" हा प्रश्न मला आमच्याच बिल्डिंगमधल्या एका हुशार तरुणानं विचारला. त्याचं उत्तर डब्यात मोजून मिळतं. आपल्या एसी थ्री टियरच्या नव्या डब्यात ७२ माणसं झोपतात. माझ्या त्या सहा बर्थवाल्या डब्यात पन्नास ते साठ. त्यांच्या खऱ्या स्लीपर डब्यात, जिथे तिघांना एक खोली आणि हात धुवायचं बेसिन मिळतं, सगळे बर्थ भरले तरी छत्तीसच्या आसपास. आणि खोली एकट्यानं घेतली तर बारा. दिवसाच्या गाडीतली एकच खुर्ची तीन-तीनदा विकता येते, बर्थ रात्रीत एकदाच. वर प्रत्येक देश आपल्या रुळाचं भाडं किलोमीटरमागे लावतो, आणि रात्रगाडीची तर किलोमीटरवरच गुजराण. याउलट युरोपातल्या युरोपात उडणाऱ्या विमानाच्या इंधनावर कर नाही; २००३ च्या त्यांच्या ऊर्जा-करांच्या नियमातच ती सूट आहे. आंतरराष्ट्रीय विमान तिकिटाला व्हॅट नाही, पण रेल्वे तिकिटाला कित्येक देशांत तो द्यावा लागतो. एकाला पायात बेडी आणि दुसऱ्याला पाठीवर हात, अशी ही शर्यत आहे. मग विमान स्वस्त पडतं आणि आपण म्हणतो, बघा, बाजारानं निवडलं.

म्हणून २०१६ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेनं आपल्या रात्रगाड्या सरळ बंद केल्या. ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेनं त्यांचे डबे विकत घेतले, त्यातले बरेच मार्गही उचलले आणि 'नाइटजेट' नावानं चालवायला घेतले. जो देश जर्मनीच्या एका प्रांताएवढा, त्यानं हे केलं, कारण तिथे रात्रगाडी ही सार्वजनिक सेवा मानून तिच्यासाठी सरकार पैसे मोजतं. २०२३ च्या डिसेंबरात पॅरिस-बर्लिन ही गाडी मोठा गाजावाजा होऊन परत आली, आठवड्यातून तीनदा. फ्रेंच सरकारनं आपला वाटा काढून घेतला आणि २०२५ च्या डिसेंबरात ती थांबली. रिकामी धावत होती म्हणून नव्हे. दोन वर्षांत गाडीत काही बदललं नव्हतं, बदललं ते अंदाजपत्रकातलं एक कलम. ती वाट पुन्हा धरायचं ठरवलं ते एका बेल्जियन-डच सहकारी कंपनीनं, जिनं लोकांकडून थोडं थोडं भांडवल गोळा करून २०२३ मध्ये ब्रसेल्स-बर्लिन गाडी सुरू केली होती. दूधसंघ आणि पतपेढ्या चालवणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून जरा आपलंसं वाटावं. पण कर्ज आणि भाडेपट्टीचं काम जन्मभर केलेली मी, मला त्यांची काळजीच वाटते.

मला जे म्हणायचं आहे ते इथे येतं. देशादेशांमधली रात्रगाडी ही चैनीची वस्तू नाही, हौशी लोकांचं खूळही नाही. दोन सरकारांनी मिळून केलेली ती एक व्यवस्था असते: कागद कुणी तपासायचे आणि तूट कुणी भरायची. हे दोन ठरलं की गाडी चालते. आता आपल्याकडे बघा. रात्री माणसं झोपवून नेण्याचं काम आपल्याइतकं जगात फार थोड्यांना येतं. डबे आपण बांधतो, चादरी आपण धुतो, रात्री अडीचला चहा विकणारा माणूस आपल्याकडे आहे. रूळ तर फाळणीच्या आधीपासून पलीकडे गेलेले. नाही ते फक्त ते दोन निर्णय.

एकेकाळी होतं. १९१४ पासून मद्रासहून निघालेला माणूस एकाच तिकिटावर कोलंबोला पोचत असे: धनुष्कोडीपर्यंत गाडी, तिथून आगबोटीनं तलैमन्नार, पुढे पुन्हा गाडी. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळानं धनुष्कोडी आणि शंभराहून अधिक माणसांनी भरलेली एक गाडी समुद्रात नेली. समुद्रानं नेलेली ही एकच. बाकीच्या गाड्या माणसांनी थांबवल्या. पाकिस्तानला जाणारी समझौता एक्सप्रेस १९७६ मध्ये सुरू झाली, २०१९ च्या ऑगस्टात बंद झाली. जोधपूर-कराचीची थार एक्सप्रेस ४१ वर्षांच्या खंडानंतर २००६ मध्ये आली, तीही त्याच महिन्यात गेली. कोलकाता-ढाका मैत्री २००८ ची, खुलन्याची बंधन २०१७ ची, न्यू जलपाईगुडीची मिताली २०२२ मध्ये धावू लागली. यातली मिताली ढाक्याहून रात्री निघून सकाळी हिमालयाच्या पायथ्याशी यायची, म्हणजे माझ्या व्याख्येत बसणारी अस्सल गाडी. २०२४ च्या जुलैत बांगलादेशातल्या आंदोलनात तिन्ही थांबल्या.

मैत्रीतून एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. सुरुवातीला तिच्या प्रवाशांना हद्दीवर उतरवून दोन्हीकडचे कागद तपासत, त्यात तासन्‌तास जात. २०१७ च्या नोव्हेंबरात ठरलं की इमिग्रेशन आणि कस्टम दोन्ही टोकांनाच, कोलकात्यात आणि ढाक्यात, उरकायचं. प्रवासाचे तास कमी झाले. त्यासाठी ना नवा रूळ लागला ना नवं इंजिन. शेंगेन नसतानाही, व्हिसा लागत असतानाही सरहद्द झोपेत ओलांडता येते, हे आपणच सिद्ध करून दाखवलं आणि विसरून गेलो.

समझौतावर २००७ च्या फेब्रुवारीत पानिपतजवळ स्फोट झाला, ६८ माणसं गेली. ते मी विसरलेले नाही, आणि आज उद्या अटारीहून गाडी सोडा असं म्हणण्याइतकी मी भाबडीही नाही. ज्या शेजाऱ्याशी बोलणंच बंद आहे तिथून सुरुवात करा असं कोण म्हणतंय? सुरुवात तिथून करावी जिथे भारतीय माणसाला व्हिसाच लागत नाही. असे दोन देश आपल्या अंगाला लागून आहेत. नेपाळशी १९५० च्या करारापासून मोकळी सरहद्द आहे, आणि भूतानला जायला ओळखपत्र आणि परवाना पुरतो. शेंगेन-शेंगेन म्हणून आपण हेवा करतो, आणि त्यातलं निम्मं तर आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वीच होऊन बसलंय!

नेपाळचं उदाहरण बघा. २०२२ च्या एप्रिलात बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरमार्गे कुर्थ्यापर्यंत ब्रॉडगेज गाडी सुरू झाली. ३५ किलोमीटर. नेपाळनं त्यासाठी घेतलेल्या दोन गाड्या आपल्या कोकण रेल्वेनं पुरवल्या. आणि मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी पवन एक्सप्रेस नाशिक, मनमाड, भुसावळ, खांडवा करत कुठे जाते? त्याच जयनगरला. म्हणजे रुळांचं माप एक, गाडी दारापर्यंत जाते, व्हिसा नाही. तरी सीतेच्या माहेरी निघालेल्या माणसानं दीड दिवसाच्या प्रवासानंतर जयनगरला वळकटी उचलायची, शेजारच्या नेपाळी स्टेशनात चालत जायचं, नवं तिकीट काढायचं आणि तासाभरासाठी दुसऱ्या गाडीत बसायचं. पवनचे दोन डबे पुढे जोडून दिले तर काय बिघडेल?

हे खांडव्याचं नाव मी मुद्दाम घेतलं. १८७० मध्ये तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज देऊ केले, साडेचार टक्क्यांनी, १०१ वर्षांच्या मुदतीनं, की माझ्या राजधानीपर्यंत रेल्वे आणा. (१०१ वर्षांच्या मुदतीचं कर्ज! आमच्या क्रेडिट कमिटीनं काय केलं असतं कोण जाणे.) खांडव्याहून चोरलचा घाट चढून होळकर स्टेट रेल्वे आली, मीटरगेजची. तेव्हाचं इंदूर म्हणजे पासपोर्ट नसला तरी निराळं राज्यच: स्वतःचे पोलिस, स्वतःची जकात, १८८६ पासून स्वतःची टपाल तिकिटं. मुंबईहून येणारा माणूस खांडव्याला इंग्रजी मुलखातल्या बड्या लाइनवरून उतरे, जिना चढून छोट्या लाइनवर येई आणि राज्याची हद्द ओलांडून सकाळी इंदुरात येई. माझ्या आजेसासूबाई ते वर्णन करायच्या त्यात हद्द कुठेच नसायची. असायचा तो खांडव्याचा जिना आणि डोक्यावर ट्रंक घेतलेला हमाल. कारण रेल्वेच्या जमिनीवरची दिवाणी-फौजदारी हुकमत संस्थानिकांकडून इंग्रजांनी आपल्याकडे लिहून घेतलेली असे. डब्यात कायदा कुणाचा हा प्रश्न दांडगाईनं सोडवलेला होता. तसा सोडवणं आज कुणाला नको आहे, नसावंच. युरोपनं तोच प्रश्न बरोबरीनं बसून सोडवला. आपल्याला तो सोडवायचाय का, एवढंच विचारायचं.

हे सगळं मी गणपतीत आमच्या भाऊजींपुढे मांडलं. माझे धाकटे दीर रतलाम डिव्हिजनमधून, कॅरेज अँड वॅगन खात्यातून निवृत्त झाले. त्यांनी आधी माझी यथास्थित टर उडवली. "वहिनी, मनमाडची लाइन तर होऊ दे! इंदूर-मनमाड आम्ही शाळेत असल्यापासून होऊन राहिली आहे, अन् तुम्ही भूतानला डबा लावून राहिल्या!" बरोबरच आहे. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्रानं ती ३०९ किलोमीटरची लाइन मंजूर केली, १८,०३६ कोटींची. होईल तेव्हा मुंबईला रतलाम-बडोद्याचा वळसा पडणार नाही. पण भूतानची गोष्ट मी हवेत करत नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरात भूतानला जाणारे दोन मार्ग जाहीर झाले आहेत: आसामातल्या कोक्राझारहून गेलेफूला आणि बंगालमधल्या बनारहाटहून सामत्सेला, मिळून ८९ किलोमीटर, ४,०३३ कोटी. रूळ पडणारच आहेत. त्यावर फक्त सिमेंट आणि बोल्डर जायचे, की जयनगरसारखी एक आखूड गाडी मारून मोकळं व्हायचं, की लांबून निघालेला झोपायचा डबाही जायचा, हे आत्ताच बोललं तर बोललं. स्टेशनं बांधून झाल्यावर, कस्टमची खोली फलाटाच्या भलत्या टोकाला गेल्यावर बोलून काय उपयोग?

यावर लोक म्हणतात, सुटीत कुणाला वेळ आहे दोन-दोन रात्री गाडीत काढायला? विमानानं बागडोगरा, तिथून टॅक्सी. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल जावं. पण आमच्या कॉलनीतली निम्मी माणसं एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवास सवलत, संपल्यापासून कुठे गेलेली नाहीत, आणि त्यांना आडवं व्हायला बर्थ, खायला घरचं आणि सोबतीला चार माणसं मिळाली तर दोन रात्री जास्त वाटत नाहीत. अशी माणसं प्रवासात काही मागत नाहीत, म्हणून ती हिशेबातही धरली जात नाहीत. शिवाय सुटीवर निघालेला माणूस हा सरहद्दीवरचा सगळ्यात निरुपद्रवी माणूस असतो. त्याला परत यायचं असतं, बॅगेत मेथीचे लाडू असतात. कागद तपासणाऱ्यांची सवय व्हायला याच्याइतका सोपा प्रवासी दुसरा नाही.

भाऊजी टर उडवून झाल्यावर गप्प झाले, मग त्यांनी प्रसादाच्या पुड्याचा कागद सरळ केला आणि त्यावर आकृती काढायला लागले. महूहून कामाख्येला आठवड्याची गाडी जातेच. तिच्या मागे दोन थ्री टियर. आसामात ते तोडायचे, गेलेफूच्या गाडीला जोडायचे. थेट डबे हल्ली आपल्याकडे जवळपास राहिलेच नाहीत, शंटिंगला वेळ जातो म्हणून. पण त्यांच्या हातून आयुष्यात किती सुटले-जोडले असतील. कपलिंग, ब्रेकचे पाइप, विजेचं कनेक्शन, ब्रेक टेस्ट. पाऊण तास धरा, म्हणाले. पाणी कुठे भरायचं ते लिहिलं. एसीचा मेकॅनिक सोबत जाईल का तिकडचा असेल, यावर प्रश्नचिन्ह काढलं. मग पेन्सिल थांबली.

"अन् बेडरोल, वहिनी?"

म्हटलं, त्याचं काय?

"जवळजवळ दीडशे माणसं. प्रत्येकी दोन चादरी, टॉवेल, उशीचा अभ्रा. गेलेफूला उतरल्यावर त्या मळक्या चादरी तिकडे धुवायच्या, का परत आणून महूला? तिकडे धुतल्या तर त्या एक्सपोर्ट झाल्या का? परत येताना कस्टमवाला मोजणार. दोन कमी भरल्या, मग?"

मी हसत होते. ते हसत नव्हते. त्यांनी कागदाच्या कडेला 'चादरी' असं लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि आतून त्यांच्या मुलाला हाक मारली, की बघ रे, तिकडच्या त्या गाडीत चादरी कोणता देश धुतो.